राखीव प्रेक्षक

हॉकीचा मी जुना आणि कडवा चाहता आहे. घरात, कारखान्यात, नातेवाइकांत माझी तशी ख्याती आहे आणि ती मी कधी नाकारलेली नाही. फक्त एक बारीक गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही. एक सकाळ सोडली, तर भारताने केलेला गोल मी होताना कधीही पाहिलेला नाही. सामना सुरू झाला की मी गॅलरीत जातो आणि टीव्हीकडे पाठ करून एका लाकडी बाकावर बसतो. समोरच्या इमारतीतल्या लोकांना वाटतं, मी ध्यान करतो. त्यांच्यातल्या एकांनी तर मला त्याचे फायदेही विचारले होते.

हे वेड आणि पुढे त्यांच्या ओट्यावरून माझ्या गॅलरीत आलेला हा बाक, दोन्ही मला माझ्या घरमालकांकडून मिळालं.

वाघोडियाच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी नाशिकहून बडोद्याला आलो आणि जागा शोधत दांडिया बाजारातल्या एका गल्लीत पोचलो. खाली मालक, वर भाड्याची खोली. मालक, म्हणजे काका, तेव्हा शाळेत शास्त्र शिकवत. त्यांच्या घराण्यातले आधीचे पुरुष संस्थानच्या नोकरीत होते, त्यांचे पगडीतले फोटो बाहेरच्या खोलीत ओळीने लावलेले होते, आणि त्या सगळ्या पगड्यांच्या वर, दोन खिळ्यांवर, एक हॉकी स्टिक आडवी विराजमान होती. दुसरी स्टिक काकांच्या हातात होती. ती रोखून त्यांनी मला दारातच विचारलं, ‘खेळ कोणता?’

‘कोणताच नाही,’ मी म्हणालो.

‘क्रिकेट?’

‘नाही हो. लहानपणी मला अंपायर करायचे. पण पुढे तिथूनही दोन्ही बाजूंनी मिळून काढून टाकलं.’

काकांची स्टिक खाली आली. आतून काकूंचा आवाज आला, ‘मिळाला ने एकदाचा? आता चावी द्या त्याला, बिचारा घामाघूम झालाय.’

मला नंतर कळलं की माझ्या आधी आलेल्या प्रत्येक होतकरू तरुणाने या प्रश्नाला ‘क्रिकेट’ असं उत्साहाने उत्तर दिलं होतं आणि प्रत्येकाला काकांनी फाटकापर्यंत पोचवलं होतं. बडोद्यात क्रिकेटचा गंध नसलेला मुलगा शोधायचा म्हणजे काही सोपं काम नव्हतं. ‘क्रिकेट हा खेळ नाही, मुक्काम आहे,’ ते म्हणत. ‘चहा, जेवण, पुन्हा चहा. लग्नाला गेल्यासारखं!’ मला खोली मिळाली ती माझ्या गुणांमुळे नव्हे, तर गुणांच्या संपूर्ण अभावामुळे, आणि आजवर मला जे काही मिळालं आहे ते साधारण याच वाटेने मिळालं आहे.

काका बुटके होते, चालायचे मात्र तरातरा. हातातली स्टिक शाळेत जाण्यापुरती सुटायची. तिने ते फाटकाची कडी काढत, स्कूटरखाली गेलेला पेपर ओढत, शेजाऱ्यांच्या झाडाची कैरी पाडत आणि बोलता बोलता मुद्दा पटवत. खंडेराव मार्केटात भाजी आणायलासुद्धा स्टिक घेऊन जात. कॉलेजात आपण लेफ्ट हाफ होतो, असं ते सांगायचे. काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, ‘दोन सामने खेळले. त्यातला एक पावसाने झालाच नाही.’ काका ते ऐकल्याचं कधी दाखवत नसत.

टीव्हीवर हॉकी असली की काका आवाज पूर्ण बंद करून ठेवत. सुरुवातीला मला वाटलं, यंत्र बिघडलंय. मी दुरुस्त करून देऊ का, असं विचारलंही. त्यावर त्यांनी मला समोर बसवून समजावलं, ‘रेडिओवरचा माणूस आंधळ्याला सांगतो. म्हणून तो सगळं सांगतो, चेंडू कुठे, कोणाकडे, ऊन कुठल्या बाजूला. टीव्हीवरचा माणूस डोळसाला सांगतो, म्हणजे काहीच सांगत नाही. नुसता स्वतःचा शहाणपणा. आणि गोल व्हायच्या आधी “गोल” म्हणून नजर लावतो ते वेगळंच.’

रेडिओचा विषय निघाला की त्यांचा आवाज जरा खाली यायचा. आपल्याला हॉकीत ऑलिंपिकचं तोवरचं शेवटचं पदक मिळालं तेव्हा काका ऐन उमेदीत होते, आणि तो विजय त्यांनी ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकला होता. त्यानंतर पदक नाही. ‘ऐकलंय,’ ते म्हणायचे, ‘पण बघितलं नाही. एकदा या डोळ्यांनी बघायचंय. मग बंद करून टाकेन टीव्ही, विकून टाका.’ यात विनोद नव्हता. दर चार वर्षांनी हा माणूस खरोखर नव्याने आशेला लागायचा आणि दर चार वर्षांनी त्याचं जेवण आठवडाभर कमी व्हायचं.

मी राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत काकांनी मला सामना बघायला खाली बोलावलं. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मी लीलो चेवडो, बडोद्याचा तो ओलसर चिवडा, घेऊन गेलो. भारत एका गोलने पुढे होता. मी दारात चपला काढल्या, ‘नमस्कार काका’ म्हणालो, आणि समोरच्यांनी गोल केला.

मी चेवडा ठेवायला स्वयंपाकघरात गेलो. बाहेर आरडाओरडा झाला. भारताचा गोल. मी आनंदाने धावत बाहेर आलो. समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि तो त्यांनी जाळ्यात घातला.

काकांनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिलं. रागाने नव्हे. बेडूक फाडायला घेताना शास्त्राचे मास्तर त्याच्याकडे जसे बघतात, तसं.

‘जरा बाहेर जा,’ ते म्हणाले.

मी बाहेर ओट्यावर गेलो. भारताचा गोल.

‘या आत.’

मी आत गेलो. पुढचं मी सांगत नाही. शेवटी काका म्हणाले, ‘योगायोग एकदा होतो. पुन्हा पुन्हा होतो त्याला नियम म्हणतात.’ आता मी इंजिनिअर, कारखान्यात दिवसभर यंत्रांची मापं घेणारा. मी म्हणायला हवं होतं की अहो, मैदान कुठे, दांडिया बाजार कुठे! पण खरं सांगायचं तर पुरावा पाहून मीही हादरलो होतो. ‘प्रयोग चोख होता,’ असं मी स्वतःच कबूल केलं आणि स्वतःच चपला घातल्या.

मला एकदम हाकलणं काकांच्या शिक्षकी मनाला बरं वाटेना. शाळेच्या भंगारातून त्यांनी एक लाकडी बाक मिळवला आणि ओट्यावर, खिडकीखाली, रस्त्याकडे तोंड करून मांडला. ‘तू राखीव,’ त्यांनी जाहीर केलं. ‘राखीव खेळाडू संघातच असतो. फक्त बाकावर असतो.’ तेव्हापासून ते मला राखीवच म्हणू लागले. सामना जिंकला की आतून खिडकीच्या गजावर स्टिक वाजायची, टण्ण. म्हणजे ये आत, चहा आहे. हरलो की काहीच वाजायचं नाही. मग मी गुपचूप जिना चढून वर जायचो.

काकूंनाही नेमणूक होती. एकदा त्या लसूण सोलत असताना शेवटच्या क्षणाला गोल झाला होता, त्यामुळे प्रत्येक सामन्याला त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून लसूण सोलायचा, असं ठरलं. मोठी स्पर्धा असली की गल्लीतल्या प्रत्येक घरी लसणाची चटणी पोचायची. ‘तुम्हाला काय, बघायचं. बोटं माझी झोंबतात ने,’ काकू म्हणत, पण उठत नसत.

समोरच्या घरातल्या गुजराती बेन मला बाकावर पाहून फार हळहळल्या. पहिल्यांदा त्यांनी रस्त्यातूनच विचारलं, ‘शुं थयुं भाई? काढी मुक्या?’ घरातून काढलं नाही, हॉकी चालली आहे, असं मी सांगितलं, तेव्हा त्यांना आणखीच वाईट वाटलं. पुढे सामना असला की त्या न विचारता मला चहा आणून देत आणि खिडकीकडे बघून मान हलवत.

तर अशा रीतीने मी हॉकी शिकलो. टीव्ही मुका, मी पाठमोरा, आणि मधे काकांचा आवाज. काकांचं समालोचन त्यांच्या वर्गातल्यासारखंच असायचं. ‘आडवा दे रे, आडवा! मधे माणूस मोकळा उभा आहे, दिसत नाही?’ म्हणजे आपला कोणी एकटाच चेंडू घेऊन सुटलाय. ‘अंगठे धर!’ म्हणजे समोर गोल रिकामा असताना बाहेर मारला. ‘मागे या, मागे या, वर्ग सोडून कुठे चाललात?’ म्हणजे बचाव उघडा पडलाय. आणि सगळं एकदम शांत झालं, लसणाचा पापुद्रासुद्धा वाजेनासा झाला, की समजायचं पेनल्टी कॉर्नर. त्या शांततेत मी रस्त्यावरच्या गायीकडे बघत बाक घट्ट धरून बसायचो. ज्या खेळाशी माझं आयुष्यात काही देणंघेणं नव्हतं, त्यासाठी मी गायीसमोर देवाचं नाव घेत होतो. चाहता झाल्याचं मला कळलं ते असं.

कारखान्यात मात्र माझा रुबाब वाढला. ‘मधल्या फळीत दम नाही. आडवा पास देतच नाहीत,’ असं मी डबा खाताना गंभीरपणे म्हणायचो. लोक माना डोलवायचे. एकदा एका नव्या साहेबांनी विचारलं, ‘कालचा तो दुसरा गोल बघितलात? काय फटका होता!’ मी म्हणालो, ‘आवाजावरून तसंच वाटलं.’ त्यांनी मला फार खोल माणूस समजून पुढे काही विचारलं नाही.

मग माझं लग्न झालं. बायकोला खेळाची इतकी नावड की हॉकीत किती जण असतात हेही तिला माहीत नव्हतं. काकूंनी तिला हळदीकुंकवाला खाली बोलावलं, नेमका त्याच वेळी टीव्हीवर सामना होता, ती सहज सोफ्यावर टेकली आणि भारताने गोल केला. ती पदर सावरून उठली, समोरच्यांनी केला. ती पुन्हा बसली.

त्या दिवसापासून सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात तिची जागा कायमची ठरली. पंखा तिच्याकडे वळवलेला. पहिला चहा तिला. आणि मी, ज्याने हा खेळ उन्हातान्हात बाकावर बसून कमावला होता, तो बाहेर. ‘मला काय कळतंय त्यात,’ ती रात्री मला सांगायची. ‘निळे पळतात, मग दुसरे पळतात. पण काका म्हणतात, मी बसले की बरं चालतं.’ हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो नम्रपणा असायचा, तो मला अजून सहन होत नाही.

पुढे आम्ही वाघोडिया रोडला स्वतःचा फ्लॅट घेतला. सामान हलवताना काका दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘घर सोड. बाक सोडायचा नाही.’ आम्ही सोडला नाही. सामना असला की मी स्कूटर काढायचो, बायकोला मागे बसवून दांडिया बाजारात यायचो, ती आत जायची आणि मी बाहेर बसायचो. मुलगा थोडा मोठा झाल्यावर त्याने विचारलं, ‘बाबा, आजोबांनी तुम्हाला शिक्षा का केलीये?’ मी म्हणालो, ‘शिक्षा नाही, जबाबदारी आहे.’

एक दिवस काकू गेल्या. त्यानंतरच्या सामन्याला मी बाकावर बसलो होतो, तर आत नेहमीसारखा आवाजच नव्हता. बायको म्हणाली, काका लसूण सोलत बसले होते. उंबऱ्यातच. स्क्रीनकडे त्यांचं अर्धंच लक्ष होतं. त्या दिवशी आपण जिंकलो, पण गजावर स्टिक वाजली ती बऱ्याच वेळाने.

मग त्यांचे डोळे गेले. काचबिंदू. आधी कडा गेल्या, मग मधलंही पुसट झालं, आणि काही वर्षांत उजेड आहे की नाही एवढंच कळायला लागलं. पुण्याहून त्यांची मुलगी न्यायला आली, ते गेले नाहीत. मी भेटायला गेलो की स्टिक चाचपत म्हणायचे, ‘बघायचं राहिलं रे, राखीव. आता मिळालं तरी पुन्हा ऐकायचंच.’ टीव्हीचा आवाज लावा ना, एवढं मी सुचवलं. ते उसळलेच. ‘इतकी वर्षं बंद ठेवला, आणि आता माझी सोय म्हणून पोरांना नजर लावू?’

तेव्हा सामना सांगायचं काम माझ्या बायकोकडे आलं. ती मनापासून सांगायची. ‘निळे पळतायत. आता थांबले. आता सगळे एका बाजूला गेले, का कोण जाणे. एकाने हेल्मेट घातलंय, काका.’ बाहेर बाकावर मी डोकं धरून बसायचो. आत काका विचारायचे, ‘चेंडू? चेंडू कुठे आहे?’ ‘तो नाही दिसत हो मला. फार बारीक आहे.’

आणि मग ते ऑलिंपिक आलं. कोरोनाचा काळ, तोंडाला मास्क, गल्ली सुनसान. आपली पोरं कांस्यपदकाच्या सामन्यापर्यंत पोचली. आदल्या दिवशी काकांचा फोन आला. सामना सकाळी होता.

‘दोघं या. आणि तू उद्या आत बसायचंस.’

‘काका, मी? उद्या? पदकाचा सामना आहे!’

‘माहीत आहे.’

‘तुमच्या या इतक्या वर्षांच्या...’

‘रात्रभर विचार केला,’ ते म्हणाले. ‘तिच्या शकुनाने पदक मिळेलही. पण मला कळणार काय? निळे पळाले! तुला खेळ कळतो. मला उद्या डोळे पाहिजेत, राखीव. उसने का होईना.’

सकाळी मी त्या खोलीत उजव्या पायाने शिरलो. पगडीवाल्या पूर्वजांना नमस्कार केला. बायको सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात, मधे काका, मी उजवीकडे. ‘ती शेजारी आहे, भरपाई होईल,’ काका म्हणाले, पण त्यांचीही बोटं स्टिकवर घट्ट होती. सामना सुरू झाला आणि लगेचच समोरच्यांनी गोल केला. मी उठलोच. काकांनी माझं मनगट पकडलं.

‘बस. कसा झाला ते सांग.’

मी सांगायला लागलो. सुरुवातीला जीभ अडखळली, मग सुटली. ‘डावीकडून निघालाय, एकटाच आहे. आडवा दे, आडवा! मधे माणूस मोकळा उभा आहे, दिसत नाही? नाही दिला. मागे या, मागे या, वर्ग सोडून कुठे चाललात!’ माझंच मला ऐकू आलं. हॉकीची दुसरी कुठली भाषा मला येतच नव्हती. एकाने समोरून बाहेर मारला तेव्हा मी सोफ्यावरून ओरडलो, ‘अंगठे धर!’ काका हसले. कितीतरी दिवसांनी ते तसं हसले, आणि त्यांचा चेहरा सरळ पडद्याकडे होता. त्यांना दिसतंय असं मला वाटलं. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की आपण मागे आहोत हेही मी विसरलो.

आपण मागे पडलो, बरोबरी केली, आणि मग पुढेही गेलो. आपले गोल मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, आयुष्यात पहिल्यांदा. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिची खुर्ची बळकावली. आणि मग, शेवटचे काही क्षण उरले असताना, आपण एका गोलने पुढे असताना, त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला.

‘काय झालं?’ काकांनी विचारलं.

‘कॉर्नर. त्यांना.’

खोली शांत झाली. ती शांतता मी ओट्यावरून इतक्यांदा ऐकली होती. काकांचा हात माझ्या मनगटावर होता. त्यांना माझे डोळे हवे होते, एवढ्यासाठीच मला आत घेतलं होतं. आणि नेमके तेच मी गच्च मिटून घेतले.

‘सांग ना! मारला का?’

मी काय सांगणार? टीव्ही मुका. काकांना दिसत नव्हतं, मी बघत नव्हतो.

तेवढ्यात डाव्या कोपऱ्यातून बायकोचा आवाज आला. ‘अगंबाई, निळे एकमेकांच्या अंगावर पडले! त्या हेल्मेटवाल्याला सगळ्यांनी धरलंय. भांडण झालं की काय? नाही, रडतायत. काका, रडतायत हो सगळे.’

‘निळे रडतायत? की दुसरे?’ काका ओरडले.

‘दोन्ही! पण निळ्यांनी मिठ्या मारल्यात.’

काका मागे टेकले. बराच वेळ त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि माझ्याही. मग त्यांनी मला विचारलं, ‘तो अडवला कसा? पायाने की स्टिकने?’

‘मी पाहिलं नाही, काका. डोळे मिटले होते.’

मला वाटलं, आता स्टिक बसणार. त्यांनी माझं मनगट दाबलं. ‘मिटले होतेस? शाबास,’ ते म्हणाले. ‘म्हणूनच.’

पदकं संध्याकाळी देणार होते. आम्ही तिथेच जेवलो, थांबलो. वेळ झाली तसा मी काकांना विचारलं, आता तर बघायला हरकत नाही ना? त्यांनी शास्त्राच्या शिक्षकाला शोभेल इतका वेळ विचार केला. ‘गळ्यात पडेपर्यंत पदक आपलं नाही,’ ते म्हणाले.

मी चपला घातल्या. ओट्यावर, खिडकीखाली, रस्त्याकडे तोंड करून बसलो. समोरच्या बेन आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, त्या मास्क खाली ओढून बघत होत्या. आतून बायकोचा आवाज येत होता. ‘ओळीने उभे आहेत. निळा कोट घातलाय सगळ्यांनी. ताट आणलं. पहिल्याने घेतलं, काका, गळ्यात घातलं. दुसऱ्याने. आता सगळ्यांनी घातलं.’

नंतर स्टिक आपटली, पण गजावर नाही, चौकटीवर. लाकडाचा बोदा आवाज आला. ती चाचपत थोडी पुढे सरकली, थांबली, पुन्हा सरकली. मी बाक घट्ट धरून वाट बघत होतो.

टण्ण.